पिंडरांचा कोंडवाडा

कोंडवाड्यात मी स्वतःच्या पायांनी गेलो, कोणी हाकलत नेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फाटक उघडं होतं. आता ते उघडंच असतं. छातीइतकी उंच गोल दगडी भिंत, वर छप्पर नाही, आत गुडघाभर गवत, आणि भिंतीच्या कडेने नेटल, म्हणजे आपल्या खाजकुइलीची विलायतेत दिलेली बहीण. तिला हात लावू नये हे मला इतकी वर्षं इथे काढूनही हात लावल्यावरच आठवतं. लावला. आठवलं. तळहात चोळत उभा राहिलो आणि त्या चुरचुरीबरोबर बाकीचंही वर आलं. थर्मासचं झाकण उघडल्यावरचा चहाचा वाफारा, ओल्या कुत्र्याचा वास, काकूच्या डब्यातल्या पुरणपोळ्या, आणि काकांच्या तोंडचं वऱ्हाडी, जे त्या दिवसापर्यंत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

ट्रेंट नदीच्या खोऱ्यातलं हे एक लहानसं गाव. इथे माझं काही नाही. माझ्या चुलत बहिणीच्या सासरचं हे मूळ गाव. आणि ते तिच्या सासरचं झालं त्यात माझाही हात आहे, असं मी सांगतो. ती सांगते, माझा हात असूनही झालं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नागपूरहून कॉव्हेंट्रीला नोकरीवर आलो आणि भाड्याची खोली मिळेपर्यंत म्हणून काकांच्या घरी उतरलो. खोल्या मिळत होत्या, मी बघत नव्हतो. काकांकडची बॉक्स रूम म्हणजे पलंग ठेवल्यावर उरलेल्या जागेत माणसाने आडवं चालावं अशी. तिच्यात डांबराच्या गोळ्यांचा, काळ्या मसाल्याचा आणि वाळत टाकलेल्या मोज्यांचा मिळून एक वास होता. सकाळी बॉयलर भुप्प करून पेटायचा. कचऱ्याच्या दिवशी गल्लीभर चाकांच्या डब्यांची घरघर. रविवारी नागपूरला फोन करायचा म्हणून मी फोनकार्डावरचं रुपेरी कवच नखाने खरवडायचो, आणि ती चांदी आठवडाभर नखात राहायची. स्वयंपाकघरात काकूची फोडणी पडली की छतावरचा स्मोक अलार्म बोंब मारायचा. शेवटी काकूने त्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली. पाहुणे आले की ते आधी त्या टोपीकडे बघायचे आणि मग काकूकडे. काकू म्हणायची, "त्याला सर्दी होते."

काका डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलात उभी हयात गेलेली. त्यांचं मराठी धुतलेल्या कपासारखं होतं, कुठे डाग नाही. गावात नवीन मराठी माणूस आला की त्याला जेवायला बोलवायचं, आणि तो दारात बूट काढत असतानाच विचारायचं, "आडनाव काय तुमचं?" मग, "कुठले?" मग, "म्हणजे अमरावतीचे की वर्ध्याचे?" पाहुण्याचा कोट खुंटीला लागेपर्यंत काकांनी त्याच्या मामेसासऱ्याशी स्वतःची ओळख काढलेली असायची. त्यावर त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू बर्फातून चालत आलेल्या माणसाला शेकोटी सापडली. (आमचं आडनाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच गाव विचाराल.)

अशा घरात मीनलने टॉमला आणलं.

मीनल काकांची एकुलती एक. जन्म इथला, शाळा इथली, मराठी घरचं. टॉम शाळेत भूगोल शिकवायचा. लांबसडक, लाल कानांचा, जिन्यात डोकं आपटणारा भला मुलगा. त्याचे आईवडील न्यूझीलंडला जाऊन स्थिरावले होते, इथे वडीलधारं माणूस म्हणजे आजोबा. टॉमने आमच्याकडे वरणभात खाल्ला, हाताने खाल्ला, कोपरापर्यंत खाल्ला. काकूला तो तिथेच पसंत पडला. तो गेल्यावर टेबलावर वाट्या तशाच राहिल्या आणि काका म्हणाले,

"मुलगा चांगला आहे. पण पिंडर म्हणजे कोण?"

"पिंडर म्हणजे टॉम," मीनल म्हणाली.

"टॉम हे नाव झालं. आडनाव पिंडर. कुठले पिंडर?"

"बाबा, दे आर जस्ट पिंडर्स!"

स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, "पेंढारी नव्हेत ना?"

मुलगा गोरा आहे याला काकांची हरकत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तो कुठला आहे हे माहीत नाही, याला होती. "माणूस आभाळातून पडत नाही," ते म्हणाले. "कुठून तरी येतो. ते 'कुठून' मला कळू दे, घराणं कळू दे. मग मी हो म्हणतो. तोवर नाही."

आणि काकांचं 'नाही' म्हणजे ऑपरेशनचा टाका. एकदा घातला की कापूनच काढावा लागे.

दुसऱ्या दिवशी मीनल बॉक्स रूमच्या दारात उभी राहिली. आत दोन माणसं मावत नसत. "दादा, बाबाला हो म्हणायला लाव ना. आम्ही रजिस्टर ऑफिसमध्ये करू शकतो, बट मला तसा लग्न नको. मला बाबा पाहिजे तिथे. फेटावाला बाबा."

लग्न 'तसा' नसतं, 'तसं' असतं, हे मी तिला एरवी शिकवलं असतं. त्या दिवशी 'बघतो' म्हणालो.

अशी पिंडर घराण्याची चौकशी माझ्याकडे आली. आपल्याकडे चौकशीचं काम ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जातं, आणि बॉक्स रूममध्ये फुकट राहणाऱ्याला कशालाच नाही म्हणता येत नाही. पद्धत मला ठाऊक होती. नागपूरला आत्याच्या वेळी वडील मुलाच्या गल्लीत गेले होते. मुलाच्या घरी जायचं नाही. शेजाऱ्याला विचारायचं, दूधवाल्याला विचारायचं, रिटायर्ड मास्तरांच्या ओट्यावर पाणी मागून बसायचं. टॉमचे आजोबा, थोरले पिंडर, कॉव्हेंट्रीतच राहत, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी त्यांच्या गल्लीत गेलो. दूधवाला नव्हता, मास्तर नव्हते. शेजारी एक बाई गुलाबाची छाटणी करत होती. मी कुंपणावरून अदबीने विचारलं, "हे पिंडर लोक कसे आहेत? सज्जन आहेत? दारू वगैरे?"

बाईने हातातली कात्री माझ्या दिशेने धरून विचारलं, "तुम्ही वसुलीवाले की पोलीस?"

"मी मुलीकडचा," मी म्हणालो. इंग्रजीत त्याचा काय अर्थ झाला देव जाणे. ती घरात गेली आणि पडदा हलला. मी निघणार तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. दारात एक ठेंगणा म्हातारा, चपटी टोपी, पायाशी बिस्किट नावाचं पांढरं-तपकिरी कुत्रं.

"शेजारी विचारत फिरणारा तूच का?"

"हो."

"मग मलाच विचार. ती माझ्याशी बोलत नाही, तिला काय माहीत?"

मी घसा साफ केला आणि विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

हा प्रश्न या देशात आम्हाला विचारतात. टॅक्सीत, दुकानात, न्हाव्याकडे. कॉव्हेंट्री म्हटलं तर समाधान होत नाही, 'तसं नव्हे, खरं कुठलं?' विचारतात. आयुष्यात पहिल्यांदा मी तो एका गोऱ्या माणसाला विचारत होतो, आणि आता दार तोंडावर आपटणार म्हणून एक पाय मागे घेऊन ठेवला होता. म्हातारा दारातून एक पायरी खाली उतरला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला हे कोणी विचारत नाही रे. टॉमनेसुद्धा कधी विचारलं नाही. शनिवारी मोकळा आहेस?"

तो मे महिना होता. कुंपणाकुंपणाला हॉथॉर्नचं काटेरी झुडूप फुललेलं. लांबून दुधावरची साय दिसते आणि जवळ गेलं की वास थोडा बदामाचा, थोडा उतरलेल्या माशाचा. थोरल्या पिंडरांच्या जुन्या हिरव्या गाडीत मात्र एकच वास होता, बिस्किटचा. ते मागून माझ्या मानेवर श्वास सोडत होतं. रेडिओवर कुठल्याशा कौंटीची क्रिकेट मॅच खरखरत होती. बराच वेळ काहीच घडत नसे आणि मग हलक्या टाळ्या. पिंडर बोलत होते. कामासाठी तरुणपणी गाव सोडलं, खोलीवर राहिले, रविवारी आईला पत्र लिहायचे. मला नखातली चांदी आठवली. त्यांचं इंग्रजी शहरी नव्हतं. सूर लांबवणारं, शब्दांची शेपटं चावणारं. मला निम्मं कळायचं, उरलेलं मी चेहऱ्यावरून भरून घ्यायचो. माझ्या पुढच्या पराक्रमाचं मूळ या भरून घेण्यात आहे.

एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली. समोर मोठं लोखंडी फाटक, दोन्ही बाजूंच्या खांबांवर दगडी सिंह, आत लिंडनच्या झाडांची रांग आणि रांगेच्या टोकाला एक प्रचंड वाडा. एवढ्या खिडक्या की पुसणाऱ्याला पेन्शनच मिळावी. पिंडर उतरले, टोपी काढली, वाड्याकडे बघितलं आणि डिकीतून थर्मास काढायला मागे गेले.

टोपी काढली, हे मी पाहिलं. मला पुरेसं होतं. मोबाइलला दोन कांड्या सिग्नल होता. काकांना फोन लावला.

"काका, काळजी सोडा. घराणं मोठं आहे. वाडा समोर दिसतोय."

"वाडा?"

"वाडा काय! दारात सिंह आहेत."

"जिवंत?"

"दगडी हो. दोन."

 मग काका फोन न ठेवताच ओरडले, "अगं ऐकलंस का, सिंह आहेत!"

मी फोन खिशात टाकला तोवर पिंडर झाकणात चहा घेऊन आले. "छान आहे ना? इथल्या जमीनदाराचं होतं. आमच्या लोकांना मागच्या दाराने जावं लागे. माझी आई इथे भांडी घासायची." मग त्यांनी टोपी घातली. "चल, चहा संपव. आपलं पुढे आहे."

मी पुन्हा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. काकूने नागपूर धरलं होतं.

पुढे होतं ते हे. ही गोल भिंत. तेव्हा फाटकाला लाकडी फळ्या होत्या, त्यातली एक कुजलेली. पिंडरांनी तिच्यावर हात ठेवला, माझी आई देव्हाऱ्याच्या चौकटीवर ठेवते तसा. मग सांगू लागले, आणि या वेळी मी चेहऱ्यावरून काही भरून घेतलं नाही. कळलं नाही ते पुन्हा विचारलं.

फार जुन्या काळी गावाची शेतं मोकळी होती, कुंपणं नव्हती. कोणाची गाय, कोणाची डुकरं दुसऱ्याच्या पिकात शिरायची. ती पकडून कोंडायला गावाने ही जागा बांधली, आणि एक माणूस नेमला. त्याने भटकी जनावरं आणायची, सांभाळायची, मालकाने दंड भरला की सोडायची. त्या माणसाला म्हणत पिंडर. कोंडणारा. तेव्हा साध्या माणसांना आडनावं नव्हती. गावात जॉन नावाचे बरेच, म्हणून हा जॉन लोहार, तो जॉन पिंडर. मग जॉनचा मुलगा पिंडर, नातू पिंडर. कोंडायचं काम कधीच संपलं, कुंपणं आली, गुरं कमी झाली, नाव तेवढं चालत राहिलं. नांगराच्या कारखान्यात गेलं, लढाईला गेलं, गाड्या बनवायला कॉव्हेंट्रीला गेलं. "लोक आमच्यावर खार खाऊन असायचे," म्हातारा खूश होऊन म्हणाला. "अंधारात येऊन भिंत फोडायचे आणि आपली गाय पळवायचे. ते दगड बघ, वेगळे दिसतात ना? डागडुजी."

मी त्या दगडांकडे बघत होतो, पण मला दिसत होता तो काकूच्या कढईतला शिरा.

तो झालाच होता. मी घरात शिरलो तेव्हा तुपाचा आणि वेलचीचा वास जिन्यापर्यंत आला होता, टोपीतला अलार्मसुद्धा खूश दिसत होता. काका टाय लावून बसले होते. घरात. आत्तापर्यंत नागपूरला जहागीर कळली होती आणि नागपूरहून यवतमाळला गेली होती, आणि यवतमाळला पोचेपर्यंत सिंह जिवंत झाले होते. आता सांगतो, एवढा घास झाला की सांगतो, असं म्हणत मी शिरा खाल्ला. दुसऱ्यांदा घेतला.

सांगितलं ते मीनलला, मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या आड. तिने हातातला चिमटा माझ्या कानाला लावला.

"कोंडवाडा म्हणजे?"

"भटकी गुरं ठेवतात तो."

"सो लाइक अ काऊ जेल?"

"तसंच."

"आणि तू बाबाला पॅलेस सांगितलास. दादा, एकच काम दिली होती तुला. एक!" तिचे डोळे भरले आणि ती चादरीत तोंड लपवून हसायला लागली, की रडायला, मला चादरीमुळे कळलं नाही. "आता तो कधीच हो म्हणणार नाही."

ते खरं होतं. कारण काकांनी ठरवलं होतं की साखरपुड्याआधी रीतसर मुलाचं मूळ घर बघायला जायचं. पुढच्याच शनिवारी. काकूने फोलशिल रोडवरून नारळ आणला, हलवून, कानाशी धरून, दुकानदाराची परीक्षा घेऊन. लेस्टरहून पेढे आले. कोठीतून काकांचा सूट निघाला आणि घरभर कापराचा वास सुटला. मी रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला सांगून बघायचो की काका, तो वाडा त्यांचा नाही. आरशातला माणूस ऐकून घ्यायचा. काकांसमोर गेलो की तोच माणूस म्हणायचा, "चहा ठेवू?"

शनिवारी बारीक पाऊस. काका गाडी चालवत होते, शेजारी काकू मांडीवर डबा घेऊन, मागे मीनल आणि नारळ सांभाळत मी. ते वळण आलं. काकांनी न विचारता गाडी थांबवली.

"दोन," ते म्हणाले. "बरोबर आहेत." खाली उतरले, पावसात टाय नीट केला, केसांवरून हात फिरवला. आयुष्यभर लोकांच्या नाड्या बघणारे काका फाटकाच्या गजांमधून आत बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा होता की मीनलने माझ्या बरगडीत कोपर मारायचं थांबवलं.

"काका," मी खिडकीतून म्हणालो.

"हं?"

"हे नाही."

"हे नाही म्हणजे?"

"हे इथल्या पाटलाचं. पिंडरांचं पुढे आहे."

काका सावकाश गाडीत बसले. पट्टा लावला. आरशातून माझ्याकडे बघितलं. "पुढचं केवढं आहे?"

"गोल आहे," मी म्हणालो.

पुढचा सगळा रस्ता वायपर तेवढे इकडून तिकडे मान हलवत होते, नाही, नाही, नाही.

थोरले पिंडर आणि टॉम फाटकाशी उभे होते. म्हाताऱ्याने टाय बांधला होता. सकाळपासून खपून आतलं गवत विळ्याने कापलं होतं, नेटल काढली होती, कुजकी फळी बदलली होती. कापल्या गवताचा ओला हिरवा वास, ताज्या लाकडाचा वास. त्या म्हाताऱ्याने आमच्यासाठी आपलं घर झाडून ठेवलं होतं, आणि ते घर हे होतं. त्याने हात पुढे केला. काकांनी तो घेतला, पण डोळे भिंतीवर होते.

"हा..." काका मला मराठीत म्हणाले, "हा कोंडवाडा?"

मी मान हलवली.

"अगं बाई," काकू डब्याला म्हणाली.

काका आत गेले. एकटेच. भिंतीच्या कडेकडेने चालले, बोटं दगडांवरून ओढत. कुठेतरी रानपारवा घुमत होता, लांब एक ट्रॅक्टर. मीनलने टॉमची बाही घट्ट धरली होती आणि टॉमचे कान आणखी लाल झाले होते. माझ्या हातातल्या नारळाला घाम फुटला होता, नारळाला किंवा मला. वेगळ्या रंगाच्या दगडांपाशी काका थांबले.

"हे फोडलेलं आहे," ते पिंडरांना इंग्रजीत म्हणाले.

"हो. गाई पळवायला."

"आम्हीपण फोडायचो." मग काका माझ्याकडे वळले आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते कपासारखं धुतलेलं मराठी नव्हतं. "काऊन बे पोट्ट्या! कोंडवाडा हाय म्हणून मले पहिलेच काऊन नाही सांगतलं? सिंह सांगत बसला, गाढवा!"

काकू चमकली. एवढ्या संसारात तिनेही ते ऐकलं नसावं.

मग काका भिंतीला पाठ टेकून सांगत सुटले, अर्धं इंग्रजीत, अर्धं वऱ्हाडीत, आणि गंमत म्हणजे थोरल्या पिंडरांना दोन्ही सारखंच कळत होतं. त्यांची गाय होती, चंद्री. अट्टल चोर. लोकांच्या हरभऱ्यात तोंड घालायची आणि कोंडवाड्यात जायची. मग काकांना तिथे बसवून माझे आजोबा दंडाच्या पैशांची सोय करायला जायचे. ते येईपर्यंत पोरगं भिंतीपाशी. आतून चंद्री हंबरायची, बाहेरून हा रडायचा. शेणाचा, कडब्याचा, तापल्या दगडांचा वास. आणि कोंडवाडेवाला आपल्या भाकरीतली चतकोर मोडून ह्याच्या हातावर ठेवायचा.

"त्याचं नाव काय होतं?" पिंडरांनी विचारलं.

 ज्या माणसाने कॉव्हेंट्रीत आलेल्या प्रत्येकाचं आडनाव दारात बूट काढताना विचारलं, तो आठवत राहिला. "माहीत नाही," शेवटी म्हणाले. "आम्ही त्याला कोंडवाडेवालाच म्हणायचो. गावात कोणी विचारलंच नाही."

"आमच्या पहिल्याचंही तसंच झालं असणार," पिंडर म्हणाले. "तेच चिकटलं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग डॉक्टरी आवाजात, शेवटची तपासणी करावी तसं, विचारलं, "जनावर आणलं की तुमचे लोक आधी काय करत? आधी दंड की आधी चारा?"

"आधी पाणी," म्हातारा ताडकन म्हणाला. "जनावराचा काय गुन्हा? आधी पाणी पाजायचं. बाकीचं मालकाशी."

"बरोबर," काका म्हणाले. हात मागे केला. "नारळ दे."

मी दिला. काकांनी तो थोरल्या पिंडरांच्या ओंजळीत ठेवला आणि वर आपले दोन्ही हात. म्हाताऱ्याला त्याचं काय करायचं कळेना. त्याने तो बाळासारखा धरला आणि नातवाला विचारलं, "म्हणजे झालं का?"

"झालं," मीनल म्हणाली, आणि या वेळी चादर नसल्यामुळे मला नक्की कळलं की ती रडत होती.

 इतका मोकळा श्वास मी इंग्लंडात आल्यापासून घेतला नव्हता, त्यात बिस्किटचा वास होता तरी. पावसात भिंतीवर डबा उघडला गेला. थोरल्या पिंडरांनी पुरणपोळी चहात बुडवून खाल्ली. काकूने ते पाहिलं आणि त्यांच्यापुढे दुसरी पोळी ठेवली.

लग्न सप्टेंबरात झालं, एका शाळेच्या हॉलमध्ये. फ्लोअर पॉलिशच्या वासावर झेंडूचा वास. लंडनच्या ईलिंगहून आलेल्या गुरुजींनी मुलाचं गोत्र विचारलं, कोणाला माहीत नाही म्हटल्यावर सगळ्या पोरक्यांना देतात तसं कश्यप देऊन टाकलं. मग घराणं विचारलं. फेट्यातले काका माइककडे वाकले आणि खणखणीत म्हणाले, "ट्रेंटकाठचे पिंडर. जुने कोंडवाडेवाले." नागपूरहून आलेले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "हो हो, ऐकलंय नाव." कानपिळीला टॉमचे कान मी पिळले. ते आधीच लाल असल्याने माझी करामत कोणाला दिसली नाही.

त्यातलं बरंच आता नाही. काका नाहीत, थोरले पिंडर त्यांच्याही आधी गेले, बिस्किट त्याच्याही आधी. फोनकार्डं नाहीत. बॉक्स रूम मीनलच्या मुलीची झाली, तिच्यात आता रंगांचा आणि स्ट्रॉबेरीच्या शाम्पूचा वास येतो. अलार्म नवीन आहे, पण टोपी तीच, असं काकू म्हणते. अंत्यविधीनंतर काकांचा सूट मला आला. खिशात कापराची वडी होती, ती मी काढली नाही.

पिंडरांनी बदललेली फळीही कुजली आणि मग फाटक उघडंच राहिलं. आता इथून कोणालाही बाहेर जाता येतं. तरी मी आतच उभा राहिलो, तळहात चोळत, भिंतीच्या वेगळ्या दगडांपाशी, जिथे कोणीतरी कधीतरी आपली गाय न्यायला आलं होतं. बाहेर रस्त्यावर गाडीचं दार वाजलं. मीनल आली, भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली. केस पांढरे व्हायला लागलेत, भांग काकांसारखा डावीकडे. हातात थर्मास होता.

"दादा, पुन्हा नेटलला हात लावलास ना?"

"नाही."

"लायर." तिने भिंतीवरून आत वाकून बघितलं. "चल, उशीर झाला. तुला सोडवायचा फाइन किती?"

"आधी पाणी," मी म्हणालो. "बाकीचं मग."

तिने झाकण फिरवलं आणि चहा ओतला.